रंगाऱ्याचं नाक

भिंती रंगवण्यात ज्यांची हयात जाते त्यांची नाकं पुढेपुढे मेल्यासारखी होतात. टर्पेंटाइन आणि थिनरच्या वाफेपुढे नाक तरी किती दिवस तग धरणार? पण या काकांचं तसं नव्हतं. कपाटामागची भिंत ओलावलीय हे ते कपाट न हलवता सांगायचे. घरमालक आधी हसायचा, मग कपाट सरकवून बघायचा आणि नरमून म्हणायचा, "काका, आता आलाच आहात तर तेही काम बघा." अशी कितीतरी कामं त्यांच्या नाकानं त्यांना मिळवून दिली होती.

त्या नाकाचा खरा मान मात्र रविवारी दुपारी व्हायचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत, पूर्वी जिथे टायरचं दुकान होतं तिथे एक छोटं इटालियन हॉटेल होतं. दहा टेबलं, निळ्या चौकटीचे टेबलक्लॉथ आणि आत एक मोठी भट्टी. मालकीणबाई स्वतःच स्वयंपाक करायच्या. त्यांचे सासरे तरुणपणी जहाजावर होते, तिथल्या इटालियन आचाऱ्याच्या हाताखाली शिकले आणि जे शिकले ते सगळं सुनेला देऊन गेले. काका-काकू तिथे दर रविवारी जेवायला जात. मुलगी लग्न होऊन लांब गेल्यावर काकूंनीच जाहीर केलं होतं, "रविवारी माझी चूल बंद. तुम्हाला जगायचं असेल तर कुठेतरी घेऊन चला."

तिथे काकांचा आणि मालकीणबाईंचा एक खेळ ठरलेला होता. काकांनी उंबऱ्यावर थांबायचं, डोळे मिटायचे आणि आत काय शिजतंय ते सांगायचं. बरोबर आलं तर जेवणानंतरचं गोड मालकीणबाईंकडून. चुकलं तर काकांनी काटे-चमच्यांचा ढीग पुसून द्यायचा. काकांनी कधी चमच्याला हात लावला नव्हता. "मशरूम, लोणी आणि तो तुमचा तांदूळ," असं ते म्हणत, आणि आतून आवाज येई, "बसा, जिंकलात!" आजूबाजूची माणसं जेवता जेवता मान हलवायची. काही जण तर काका येण्याआधी ऑर्डरच देत नसत.

मग एका थंडीत काकांना ताप आला. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण वास गेला तो गेलाच. एका सकाळी दूध उतू जाऊन करपलं आणि काका शेजारीच पेपर वाचत बसले होते. काकू धावत आल्या.

"अहो, घर पेटलं असतं तरी पान उलटलं असतंत तुम्ही," त्या म्हणाल्या. आणि काकांचा चेहरा बघून पुढचं बोलायच्या थांबल्या.

डॉक्टर म्हणाले, येईल कधीतरी, कधी ते सांगता येत नाही. काकांना जेवण म्हणजे नुसतं चावणं झालं. पण रविवार आला तसे त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

"त्या खेळाचं काय करणार?" काकूंनी विचारलं.

"तू आहेस की."

तेव्हापासून उंबऱ्यावर काका डोळे मिटायचे आणि काकू त्यांची कॉलर नीट करायच्या निमित्तानं कानाशी पुटपुटायच्या, "टोमॅटो... वांगं असावं." काका मोठ्यानं सांगायचे आणि आतून आवाज यायचा, "बसा, जिंकलात!" ताटात आलेलं वांगं काकांना गरम कापसासारखं लागायचं. तरी ते दर घासाला "वा" म्हणायचे. मालकीणबाई काही दुधखुळ्या नव्हत्या. एकदा गिऱ्हाइकाला पाणी देताना त्या म्हणाल्या, "काकूंना हल्ली काकांच्या कॉलरचा भारीच लळा लागलाय."

पुढे एका रविवारी काकूंनाच सर्दी झाली. डोळ्यांतून पाणी, नाक पार चोंदलेलं.

"आज नको जायला," त्या म्हणाल्या.

"वाट बघतील सगळे. आपण दांडी मारली तर संशय येईल."

उंबऱ्यावर काकांनी डोळे मिटले. काकूंनी कॉलर धरली आणि घोगऱ्या आवाजात सांगितलं, "मला काही वास येत नाहीये हो. तुम्हीच बघा काहीतरी."

काकांनी छातीभर श्वास घेतला. वरच्या मजल्याच्या शिडीवर पाय टाकताना घेतात तसा. "बेसिल," ते म्हणाले. "ती तुमची इटालियन तुळस, ताजी, आणि चीज. बाकी काही नाही."

काकांनी डोळे उघडले. त्यांच्या हाताला लागूनच दाराजवळचं टेबल होतं आणि तिथे शाळेचे मास्तर तळलेल्या मासळीचं भलंमोठं ताट पुढ्यात घेऊन बसले होते. वाफ थेट काकांच्या तोंडावर येत होती. मास्तरांचा काटा हवेतच राहिला. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी दहा टेबलं हसत सुटली. काकूही हसल्या, आणि हसता हसता शिंकल्या.

"चमचे आत आहेत," मालकीणबाई दारात येऊन म्हणाल्या.

काका आत स्टुलावर बसून चमचे पुसू लागले. मालकीणबाईंनी गॅस बारीक केला. "कधीपासून?"

"ताप आला तेव्हापासून."

"आणि माझं जेवण कसं लागतं?"

"रागावणार नसाल तर सांगतो. गरम पुठ्ठा."

"मग 'वा वा' कुणाला म्हणत होतात?"

काकांनी एक चमचा उजेडात धरून पाहिला. "इथे येणं बंद झालं असतं तर घरी बसून दोघांनी एकमेकांची तोंडं बघितली असती. हिनं आयुष्यभर स्वयंपाक केला, तिला एक दिवस मिळतो. माझं नाक गेलं म्हणून तिचा रविवार का जावा?"

मालकीणबाईंनी कढई खाली उतरवली. मग म्हणाल्या, "अहो काका, नाक गेलं असेल. दात आहेत ना? कान आहेत ना? पुढच्या रविवारी या."

पुढच्या रविवारी त्यांनी काकांपुढे वेगळंच ताट ठेवलं. पापडासारखा पातळ, कडक भाजलेला पिझ्झा, मोडला की कटकन आवाज येईल असा. त्यावर बर्फातून काढलेले टोमॅटोचे तुकडे, लिंबू आणि कान लाल होतील इतकं मिरचीचं तेल. काकांनी एक घास घेतला आणि चावायचेच थांबले.

"काय झालं?" काकूंनी घाबरून विचारलं.

"अगं, वाळलेला जुना रंग खरवडताना वाजतो ना, तसं वाजतंय. आणि मध्येच गार, आणि मग एकदम पेटतं." त्यांनी दुसरा तुकडा उचलला. "तू खाऊन बघ."

काकूंनी खाल्लं, मग मास्तरांनी मागवलं, मग मास्तरांच्या शेजाऱ्यांनी. महिन्याभरात बाहेरच्या फळ्यावर खडूनं 'काकांचं ताट' असं लिहिलेलं दिसू लागलं. ओळख ना पाळख अशी माणसं आत येऊन "ते वाजणारं द्या" म्हणू लागली. आणि वास ओळखायचा नाही म्हटल्यावर काकांचं तोंड मोकळं झालं. ते दर रविवारी आपल्या कामाचे किस्से सांगू लागले. शेजारच्या टेबलांवरची माणसं खुर्च्या वळवून बसायची.

असाच एक दिवस. काका सांगत होते, तरुणपणी त्यांनी चुकून भलतंच घर रंगवलं त्याची गोष्ट. मालक गावाला गेलेला, घरांचे नंबर सारखेच दिसणारे, आणि काकांनी दोन दिवसांत आख्खं घर पिवळंधमक करून टाकलेलं. "तिसऱ्या दिवशी सामानाच्या पेट्या घेऊन कुटुंब दारात उभं," काका म्हणाले. मालकीणबाईसुद्धा डाव हातात घेऊन बाहेर येऊन उभ्या होत्या. "बाप मुलाला म्हणतो, आपलं घर कुठे गेलं रे? मी शिडीवर. खाली उतरू का पळू..."

काका मध्येच थांबले.

"मग?" मास्तर म्हणाले.

"काहीतरी जळतंय."

"घर जळालं?" कुणीतरी विचारलं.

"इथे. आत्ता. लसूण करपतोय."

मालकीणबाई "अगं बाई" म्हणत आत पळाल्या. तव्यातला लसूण कोळशासारखा झाला होता. तवा तसाच हातात घेऊन, ओशाळलेल्या चेहऱ्यानं त्या बाहेर आल्या. काही बोलणार तोच त्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांच्याच आलं. काकूंनी हातातला काटा अलगद खाली ठेवला.

"आणा इकडे," काका म्हणाले. ते तव्यावर वाकले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले. वर बघितलं तेव्हा डोळे ओले होते. "धूर आहे," ते म्हणाले. कुणी वाद घातला नाही.

"मी दुसरा करते," मालकीणबाई म्हणाल्या.

"खबरदार. यातच घाला पास्ता."

त्यांनी तो काळा पास्ता शेवटच्या दोऱ्यापर्यंत खाल्ला. "कडूजहर आहे," दर घासाला ते सांगत होते. "काय कडू आहे हो. अगं, तू बघ, तोंडात धरवत नाही." काकूंनी एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा घेतला. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "माझ्या स्वयंपाकाला इतकी नावं कुणी ठेवली नव्हती," त्या म्हणाल्या, आणि पदराऐवजी ॲप्रननं डोळे पुसले.

मास्तरांनी पिवळ्या घराचं पुढे काय झालं ते विचारलं. त्या कुटुंबाला रंग आवडला, एवढंच काकांनी घाईघाईत सांगितलं आणि उठले. त्यांना बाहेर जायचं होतं.

घरी जायला त्या दिवशी त्यांना जन्म लागला. काका दर फाटकाशी थांबत. कुठे ओली माती, कुठे साबणाचं पाणी, कुठे कुणाचं कुत्रं नुकतंच धुतलेलं. सगळं एकदम येत नव्हतं. काही वास अर्धे होते, काही भलतेच होते, आणि पुढे बेसिलनं तर त्यांना वर्षभर झुलवलं. पण एका नव्या बंगल्यापाशी ते असे थांबले की काकूंना वाटलं, पुन्हा काही जळतंय.

"ताजा रंग," काका म्हणाले. "आणि तो पातळ करायला थिनर ओतलंय बादलीभर. दोन पावसाळ्यांत पोपडे धरणार. बिचाऱ्यांना कुणी सांगितलंही नसेल."

"अहो, ओळखीचे तरी आहेत का ते?"

"नाहीत."

काकू बंगल्याच्या कठड्यावर टेकल्या. त्यांनी चपला काढल्या आणि दुपारच्या उन्हात पाय मोकळे सोडले. "जा मग," त्या म्हणाल्या. "वाजवा बेल. मी आहे इथे."

काकांनी कॉलर सारखी केली आणि फाटक उघडलं.