रंगाच्या धंद्याला काय काय लागतं

डब्याच्या तळाशी रंग साठतो तसे किस्से साठतात. काम संपतं, डबा फेकायचा राहून जातो, खाली दोन बोटं रंग वाळून बसतो. खरवडायचा म्हटला तर समोर ऐकायला माणूस पाहिजे. माझे सगळे किस्से ऐकणारा एकच होता, झिपरू. चाळीस वर्षं आम्ही शहाद्याच्या आसपासची घरं बरोबर रंगवली. त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं त्याला आता तीन वर्षं झाली. म्हणून तुम्हाला सांगतो.

मला भटू पेंटर म्हणतात. चौथीत शाळा सोडली. चुकलं तर चुकलं.

*

धंदा सुरू केला तेव्हा आमचं भांडवल म्हणजे झिपरूची एक बकरी आणि माझ्या बायकोच्या पायातल्या साखळ्या. दोन्ही विकलं. त्यात दोन मोठे ब्रश, एक छोटा, दोन बादल्या, रंग कालवायला एक पत्रा आणि अक्कलकुव्याच्या बाजारातली बांबूची शिडी आली. शिडी बारा फुटाची. ट्रकवाल्यानं शहाद्यापर्यंत फुकट आणली.

पहिलं काम सारंगखेड्याचं. दोन सायकली, पुढच्यावर झिपरू, मागच्यावर मी, दोघांच्या खांद्यावर शिडी. घोड्यांची जत्रा भरलेली. झिपरूला एक पांढरा घोडा दिसला आणि तो थांबला. मला काय माहीत? मी पायडल मारतोय. शिडी त्याच्या कानाजवळून सरळ पुढे गेली ती जिलबीवाल्याच्या पालात.

जिलबीवाला झारा हातात धरून बाहेर आला. म्हणतो, "काय भो, आठे शिडी लाईसन जिलबी खातस का?"

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं तर झिपरू त्याला म्हणतो, "पावशेर दे. शिडीनं चाखी लिधी, आते आम्ही खातस."

पहिल्या कामाचे पैसे हातात यायच्या आधी जिलबीत गेले.

*

नवा ब्रश घेतला की आधी रात्रभर पाण्यात भिजवायचा. नाहीतर केस गळतात आणि भिंतीला चिकटतात. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. एका पाटलाच्या बैठकीत चारही भिंतींवर केस. पाटील चष्मा लावून भिंतीजवळ गेले.

"कोना केस शेतस हाई?"

झिपरूनं डोक्यावरची टोपी काढली. टक्कल दाखवलं. म्हणाला, "मन्हा तर नही शेतस, आप्पा."

पाटील हसले. मग सगळी भिंत घासून परत मारायला लावली, ते वेगळं.

*

फरशी झाकायला जुन्या साड्या लागतात. भांडेवाली बाई जुन्या कपड्यांवर भांडी देते ना, तिच्याकडून गठ्ठ्यानं घ्यायच्या. आजकाल लोक प्लास्टिक आणतात. प्लास्टिकवर पाय घसरतो आणि रंगाचं थारोळं होतं. साडी रंग पिते.

माझी बायको गेली तेव्हा नणदा, जावा आल्या, चांगली लुगडी वाटून घेतली. एक जांभळी साडी कोणी उचलली नाही, पदर फाटका होता. मी ती गठ्ठ्यात टाकली. साडी ती साडी, घरात ठेवून काय करू?

दुसऱ्या दिवशी कामावर झिपरूनं गठ्ठा सोडला, साड्या अंथरल्या. जांभळी दाराजवळ आली. दिवसभर त्याच्या हातात बादली, खांद्यावर शिडी, आणि दाराजवळ आला की लांब ढांग टाकून पलीकडे. मी म्हटलं, "कमर मोडी तुन्ही."

"मोडू दे," म्हणाला.

पुढची सहा वर्षं तो तसाच ओलांडत राहिला. घरमालकांना वाटायचं, त्याच्या पायात काही दोष आहे.

*

आता भांडण कशावरून झालं ते सांगतो, म्हणजे कोणाची चूक ते तुम्हीच बघा.

रंगाच्या दुकानातल्या शेठनं झिपरूच्या डोक्यात फवाऱ्याचं मशीन भरवलं. म्हणे ब्रशचं चार दिवसांचं काम एका दिवसात. हप्त्यानं मिळतं. मी म्हटलं, मशीन रंग उडवतं, लावत नाही. झिपरू म्हणाला, "मन्हा खांदा आते ब्रश उचलस नही, भटू." मी म्हटलं, नाटकं करतोस. त्यानं एकट्याच्या नावावर मशीन घेतलं.

पहिल्या दिवशी मी बघायला गेलो. बोलावलं नव्हतं, तरी गेलो. गावातली वीस-पंचवीस माणसं जमलेली. झिपरूनं तोंडाला फडकं बांधलं, नळी धरली, बटण दाबलं. चैत्रातला वारा. पिस्ता रंग भिंतीवर थोडा आणि शेजारच्या गोठ्यात जास्त गेला. गोठ्यात पांढराशुभ्र बैल. एका बाजूनं पिस्ता झाला.

सगळे बैलाकडे बघत राहिले. बैलाचा मालकसुद्धा बघत राहिला. बोललो मीच.

"झिपरू, पोळाले आजून चार महिना शेतस."

लोक जे हसले, ते थांबेनात. एक जण तर भिंतीला टेकून बसला आणि पाठ हिरवी करून उठला. झिपरूनं तोंडावरचं फडकं काढलं नाही. बटण बंद केलं, नळी गुंडाळली, बैल धुतला. दोन तास धुतला. माझ्याकडे बघितलंच नाही.

आता बैल बघून हसायचं नाही तर काय रडायचं? दुसऱ्या दिवशी येईल म्हणून मी आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर बसलो. तो दुसऱ्या टपरीवर बसला. तेव्हापासून टपऱ्या वेगळ्या. मी माफी मागायला हवी होती, असं टपरीवाला म्हणतो. टपरीवाल्याला काय कळतं? जायचं ठरवून एकदा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. परत आलो.

*

एकट्यानं काम होतं. होत नाही असं नाही. शिडी खिडकीच्या गजाला दोरीनं बांधायची. ब्रश खाली पडला तर उतरायचं, उचलायचा, परत चढायचं. दोन तासांनी सवयीनं खाली न बघता म्हणायचं, "पाणी दे रे." मग आपणच उतरायचं.

गेल्या वर्षी अक्कलकुव्याचा एक जण घरी आला. चाळिशीतला, गुजरातमधल्या कारखान्यातलं काम सुटलेला. म्हणाला, "बाबा, रंगना धंदा सुरू कराना शे. काय काय लागस, कितलं भांडवल लागी?"

मी सांगत गेलो, तो मोबाईलमध्ये लिहीत गेला. घोडी-शिडी एक, ॲल्युमिनियमची घे, बांबूची आता कोणी घेत नाही. ब्रश तीन मापांचे. रोलर दोन, एक लांब दांड्याचा. भिंतीत लांबी भरायची पाती, घासायचे कागद, बादल्या, गाळायला कापड. जुन्या साड्या. मशीन सुरुवातीला घेऊ नको. पहिल्या कामाचा रंग मालकाला आणायला लाव, म्हणजे तुझे पैसे अडकत नाहीत. हे सगळं वापरलेलं घेतलंस तर निम्म्यात होतं.

"आजून काही?"

"एक माणूस."

त्यानं तेही लिहिलं. मग विचारलं, "त्याले रोज कितला द्यावा पडी?"

मी म्हटलं, "चहा पी आणि नीघ."

*

आणि हा परवाचा, कळसाडीचा.

दोन भाऊ. शेती वाटली, ऊस वाटला, मग एकच स्लॅबचं घर मधोमध वाटलं. समोरची भिंत मात्र एकच, सलग. थोरल्याला पिस्ता पाहिजे, धाकट्याला गुलाबी. धाकट्यानं मला बोलावलं. मी सामान घेऊन पोचलो तर ओट्याच्या दुसऱ्या बाजूला झिपरू मशीन उतरवत होता. थोरल्यानं त्याला बोलावलं होतं.

त्यानं मला बघितलं. मी त्याला बघितलं. दोघं आपापल्या बादल्यांत बघायला लागलो.

दोन्ही भावांची अट एकच. रंग इंचभर इकडचा तिकडे जायला नको. म्हणजे गच्चीपासून ओट्यापर्यंत सरळ ओळ पाहिजे. ती नीळ लावलेल्या दोरीनं मारतात. एकानं वर धरायची, दुसऱ्यानं खाली ताणायची आणि दोरी ओढून भिंतीवर फटकन सोडायची. ओळंबा लावून एकट्याचं काम झालं असतं, पण वारा होता, वजन लंबकासारखं हलत होतं.

झिपरू काही न बोलता गच्चीवर गेला. दोरी खाली आली. मी धरली.

वरून आवाज आला, "नाना, खाले सांगा, ताण म्हना."

नाना म्हणजे थोरला. तो धाकट्याशी बोलत नव्हता. त्यानं बायकोला सांगितलं. बायकोनं धाकट्या जावेला सांगितलं, त्या दोघी पाणी भरण्यापुरत्या बोलायच्या. जावेनं नवऱ्याला सांगितलं. धाकटा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाबा, ताण म्हनतस."

मी ताणली. वरून आलं, "इतली नको, तुटी." तेही चार तोंडांतून फिरत माझ्यापर्यंत आलं. तोवर मी ढिली सोडली होती. मग "ढिली शे" आलं. असं तीनदा झालं. माझा हात भरून आला. नीळ मनगटावरून कोपरापर्यंत उतरली.

मग वरून आलं ते सरळ खाली आलं, मधे कोणी नाही.

"भटू. जेवना का?"

ओट्यावरचे चौघं हलले नाहीत.

मी म्हटलं, "नही. तू?"

"नही."

मी दोरी ओढून सोडली. भिंतीवर वरपासून खालपर्यंत निळी ओळ उमटली, सुतासारखी सरळ. आता मी खालचं टोक सोडायचं आणि त्यानं वर गुंडाळून घ्यायचं. मी सोडलं नाही. वरूनही कोणी ओढेना.

धाकटा म्हणाला, "बाबा, ओळ तर पडी गयी. आते सोडा ना."

मी म्हटलं, "थांब. सुकू दे."