नूरबीची उपासाची वडी

दौंडात गुरुवारी जेवढं खाल्लं जाई तेवढं आठवडाभरात खाल्लं जात नसे, कारण गुरुवारी उपास असे. त्यातही वच्छलाबाईंचा उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. आणि त्यांच्या उपासाची सोय नूरबीच्या भट्टीत होई.

ही भट्टी नूरबीच्या नवऱ्याची, फकीरभाईची. त्याच्या पावासाठी रेल्वेचे इंजिनवाले ड्रायव्हरसुद्धा रांगेत उभे राहत. तो गेला आणि रेशनच्या मैद्याचं परमिटही त्याच्याबरोबर गेलं. परमिट आपल्या नावावर व्हावं म्हणून नूरबीनं तालुका कचेरीत अर्ज दिला. मयताची सही आणा, एवढं सोडून सगळं तिला सांगून झालं. भट्टी फार दिवस गार राहिली तर विटा तडकतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं शेंगदाण्याचा कूट, डाळव्याचं पीठ आणि गूळ तुपात मळून बिस्किटांच्या पत्र्यांत थापला, मंद आचेवर भाजला आणि गरम असतानाच वड्या पाडल्या.

वच्छलाबाईंनी पहिली वडी नाकाशी धरली आणि निकाल दिला. डाळवं काढ, त्याजागी खोबरं आणि काजूचा चुरा घाल, म्हणजे उपासाला चालेल. नूरबीच्या घरचं पाणी त्या पीत नसत, पण विस्तवाला जात नसते हा शोध त्यांना त्याच दिवशी लागला. मग काय, निम्म्या गावाचे उपास नूरबीच्या दारात सुटू लागले, म्हणजे सुरूच राहू लागले.

परमिट नसताना भट्टीचा धूर निघतो, ही खबर पुरवठा खात्यात पोचायला वर्ष लागलं. खात्याचा वेग पाहता लवकरच म्हणायचं. एका गुरुवारी इन्स्पेक्टर बबनराव दोन पंच घेऊन दारात उभे राहिले. बबनराव म्हणजे वच्छलाबाईंचेच चिरंजीव. पत्रे पाहूनच त्यांनी ठरवलं की हा काळ्याबाजारातला मैदा आहे. भट्टीला सील लागणार होतं. नूरबीनं वड्यांचा पत्रा पुढं केला. तिनं एवढंच म्हटलं, "साहेब, खाऊन बघा."

"माझा उपास हाय," बबनराव म्हणाले आणि लिहायला बसले.

तेवढ्यात वच्छलाबाई पिशवी घेऊन हजर झाल्या. लेकाच्या हातातला कागद कशाचा, हे त्यांनी पंचांकडून काढून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"म्हंजी वरीसभर माझं उपास मोडलं, असं सरकारी कागदावर लिवतो का तू? घरात तू खातूस ती वडी कुठली वाटली तुला?"

बबनरावांनी पंचांकडे पाहिलं. दोघांच्याही घरी हीच वडी जाई, त्यामुळे दोघंही आढ्याकडे पाहत होते. बबनरावांनी एक वडी उचलली, खाल्ली, आणखी एक खाल्ली आणि पंचनामा नव्यानं लिहिला. 'सदर भट्टीत धान्याच्या पिठाचा अंशही आढळला नाही.' खाली शिक्का मारला.

भट्टी वाचली. नूरबी त्या रात्री शांत झोपली.

महिन्याभरानं तालुका कचेरीचं उत्तर आलं. 'पंचनाम्यावरून अर्जदारास पिठाची गरज नसल्याचे सिद्ध होते. सबब मैद्याचा अर्ज निकाली.'

नूरबीनं तो कागद दोनदा वाचून घेतला. पोट वडीवर भरत होतं, तक्रार नव्हती. पण फकीरभाईसारखा पाव एकदा तरी आपल्या हातानं काढायचा, याच आशेवर तिनं भट्टी पेटती ठेवली होती. ती उंबऱ्यावर बसून मनसोक्त रडली.

गुरुवारी वच्छलाबाई आल्या. झालेलं ऐकून त्यांनी मायेनं तिची समजूत घातली.

"बरंच झालं की गं. मैदा आला असता तर भट्टी बाटली असती. मग आम्ही काय खायचं?"

नूरबीनं मान हलवली आणि वड्या बांधून दिल्या.