हलता दात

आमचे सर आम्हा दंतवैद्यकाच्या नव्या विद्यार्थ्यांना शिरपूरच्या जत्रेत घेऊन आले होते. धर्मशाळेच्या ओसरीत लोकांचे दात काढायचे होते. हात बसला नाही तर पुन्हा वर्षभर मेणाचे दात कोरत बसाल, असं सरांनी बजावलं होतं. मी चिमटा कधी या हातात, कधी त्या हातात धरून पाहत होतो.

समोर मिश्रीने दात काळे झालेली एक शेतकरीण म्हातारी बसली. तिने माझा हात पाहिला आणि सरांना हाक मारली. मला वाटलं, संपलं.

"साहेब, दाढ घट्ट हाय, ते तुमी काढजा. हालून राह्यलेला दात या पोराले द्या. नव्या गोऱ्ह्याले कोनी पयल्याच दिवशी कडक वावरात जुपते काय?"

सर हसले. बैलाची पाठ थोपटावी तसं तिने माझं मनगट थोपटलं आणि तोंड उघडलं. दात निघाला. चूळ भरून तिने तो पदराच्या गाठीत बांधला, माझ्या हाताकडे पुन्हा निरखून पाहिलं आणि सरांकडे न जाता तिथेच बसून राहिली.

"आता दाढबी तूच काढ."

तिचं नाव विचारायचं राहून गेलं. आता मी शिकवतो. नव्या विद्यार्थ्याला पहिला रोगी देताना मी आधी हलता दात शोधतो.