मेणाची मिशी

चहा आधी संपवा. ऐकताना ठसका लागला, तर माझ्या नावानं बोंब नको! इंदापूरला मी मुलगी बघायला गेलो आणि मीच बघण्यासारखा झालो, त्याचीच ही गोष्ट. इंग्रजाच्या राज्यातली, एकोणीसशे तीसनंतरची.

मी जळोचीचा. निघायच्या आदल्या दिवशी गुऱ्हाळाच्या भट्टीत उगाच डोकावलो. जाळ भस्सकन वर आला आणि डावीकडची मिशी गेली! उजवी मात्र झुपकेदार, पीळ दिलेली. असं अर्धं तोंड घेऊन जायचं कुठं?

"उजवीबी काढून टाक," मामा म्हणाले.

"मामा, बाप जित्ता असताना मिशी काढू?"

मग मामांनीच अक्कल लढवली. काळ्या शेळीचे केस कातरले आणि मधाच्या पोळ्याचं मेण लावून ओठावर चिकटवले. आरशात बघतो तर काय, खरीपेक्षा खोटीच रुबाबदार!

पण ऊन चैत्राचं. बैलगाडी इंदापूरच्या वाटेला लागली आणि मेण पाघळायला लागलं.

"वलं उपरणं धर तोंडावर, मेण गार ऱ्हाईल," मामा म्हणाले.

धरलं. इंदापूर येईपर्यंत धरलं. पाहुणा म्हणून घोंगडीवर बसलो, तरी धरलेलंच!

मुलीच्या वडलांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी विचारलं, "पाव्हणं, तोंड का झाकलंय?"

घाबरून मी बोलून गेलो, "दाढ दुखतीया."

झालं! मुलीची आत्या ताडकन उठली. "आगं बया! दाढंला वलं फडकं? सुजंल की! शेकाया पायजे."

"नगं, नगं! थांबलीच बगा!"

"लाजू नगा. घरचंच समजा."

चुलीतली तापलेली वीट फडक्यात गुंडाळून तिनं माझ्या गालाला लावली. मेणाला काय ठाऊक, मी मुलगी बघायला आलोय? ते पाघळलं. ओठावरून तोंडात, तोंडातून हनुवटीवर!

"घाम किती सुटलाय बिचाऱ्याला," म्हणत आत्यानं पदरानं माझं तोंड खसकन पुसलं. पदराला काळं, केसाळ काहीतरी चिकटून आलं.

"उंदीर!" ती जी किंचाळली! पदर झटकला, आणि मिशी उडाली ती थेट तात्यांच्या पोह्यांत.

तात्यांनी ती चिमटीत धरून वर उचलली. एकदा मिशीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मामा आढ्याचे वासे बघत बसले.

"पाव्हणं, आजून काय काय चिकटिवलंय?"

"न्हाय तात्या, बाकी समदं देवानंच दिलंय."

दाराआडून खळखळून हसण्याचा आवाज आला. मुलगीच ती! संपलं, म्हटलं, आणि बैल जुंपायला उठलो. तात्या आत जाऊन आले.

"बसा खाली. पोरीला पसंत हाय. म्हंती, ह्येंच्यासंगं जल्म हसत जाईल."

माझा जीव भांड्यात पडला.

"पर लगीन मार्गशीर्षात करू," तात्या म्हणाले. "उन्हाळ्यात नगं. मांडवात आख्खं जावईच पाघळलं, तर पोरीनं माळ कुणाला घालायची?"