बाहेरच्या चुलीवरचा तवा

सांगलीकराला द्राक्षांचं कौतुक कोणी सांगू नये, असं माझं ठाम मत. तरी लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं नाशिकला गेलो. तिथल्या द्वारका चौकात कांद्याच्या ट्रकमागे इतका वेळ अडकलो, की यांनी परत फिरायची भाषा सुरू केली. पण गिरणारे गावाच्या बाजूला वळलो आणि तारांवर चढलेल्या बागा थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत दिसल्या, तेव्हा मी मुकाट्याने हार मानली.

उतरलो ते अश्विनीकडे. बागेतल्या दोन खोल्या तिने पाहुण्यांसाठी नुकत्याच काढल्या होत्या, आम्ही पहिलेच. संध्याकाळी स्पार्कलिंग वाइन उघडली, अर्धी उरली. सकाळी मी ती मोरीत ओतायला निघाले, तर तिने बाटली हातातून काढूनच घेतली.

"ओतू नका ताई! फेस आहे अजून. यात मैदा भिजवला की पॅनकेक एकदम हलके होतात, मोबाइलवर बघितलंय मी. नुसत्या पोह्यांसाठी इतक्या लांब कोण येणार? हे जमलं तर रोज करेन." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फक्त चूल बाहेर मांडते, तवाही वेगळा घेते. आत्याबाईंना वाइन घरात चालत नाही."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. बागेतली सगळी द्राक्षं वाइनलाच जातात, हे आदल्या दिवशी त्यांनीच मला ऐटीत सांगितलं होतं.

"इकायला चालतंय," त्या म्हणाल्या, "पन शिजवायला नाय. देवाचा सैपाक व्हतो आत."

मैदा, साखर, वर वाइन. पीठ सुरेख फसफसलं. तवा तापला आणि अश्विनीने सवयीने अर्धा कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवला. पॅनकेक सोनेरी, जाळीदार, गोड आणि कांद्याच्या वासाचा! यांनी पहिला घास बराच वेळ चावला.

"माहेर देवळ्याचं, कांद्याच्या मुलखातलं ना... मन्ही सवयच शे ती (माझी सवयच आहे ती)," म्हणताना पोरीचे डोळे भरले. मलाही फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आत्याबाई सूप बाजूला ठेवून आल्या. "कांद्यानं काय बिघडवलंय? साखर कशापायी घातली?" डाळीचं पीठ, मिरची, कोथिंबीर, मीठ त्यांनी स्वतः कालवलं. बाटलीला मात्र हात लावला नाही. "वत तू," सुनेला म्हणाल्या, आणि पुन्हा कांदा फिरवून धिरडी घातली.

कडा कुरकुरीत, मध्ये लुसलुशीत, मागून किंचित आंबटसर चव. किती खाल्ली ते सांगणार नाही. आत्याबाईंनी चाखलं नाही, नुसता वास घेतला.

सांगलीत आता सगळे विचारतात, नाशिकला काय पाहिलं? बागा अप्रतिमच होत्या, पण मला आठवतं ते निघतानाचं. निरोप घ्यायला मी स्वयंपाकघरात डोकावले, तर आत्याबाई तोच तवा राखेने घासत होत्या. धुतला, पदराने पुसला आणि आतल्या खिळ्यावर, घरच्या तव्याशेजारी टांगला.

"पुढच्या पाव्हण्यांना बी लागंल," त्या सुनेकडे न बघताच म्हणाल्या.