कंद वावरात राहतो

कंद सर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे भिंगातून बघायचे. पोथी वाचायला म्हाताऱ्या माणसांकडे असतं तसलं जाड भिंग. आपण महिनाभर खपून फिल्म करून न्यावी, तर ते ती पुढे सरकूच देत नसत. मध्येच थांबवायची आणि पडद्याला नाक लावून बसायचं. जळगावच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. घर सावद्याचं, केळीवाल्यांचं. त्यामुळे विषय कुठलाही असो, उदाहरण केळीच्या बागेतून यायचं.

माझं काम केळीच्या करप्यावर होतं. पानावर आधी टाचणीच्या टोकाएवढे फिकट पिवळे ठिपके येतात आणि तिथून पान करपत जातं. पानांवरच्या ठिपक्यांच्या रोजच्या नोंदी घेऊन मी ते पसरणं कॉम्प्युटरवर हलत्या चित्रांत उभं केलं होतं. सावद्याच्या शेतकऱ्यांना ते दाखवायचं होतं. पहिला ठिपका ओळखता आला की तेवढं पान कापून टाकता येतं, बाग वाचते.

मी आधी जिफ फाइल केली. सरांनी भिंग लावलं.

"ठिपके कुठी गेले, पोरी?"

जिफमध्ये रंग मावतात जेमतेम अडीचशे. माझा फिकट पिवळा शेजारच्या हिरव्यात विरघळून गेला होता. मग मी एमपीफोर केली, मोबाइलवर झटकन जावी म्हणून चांगली दाबून लहान केलेली. सर पुन्हा वाकले. आता रंग होते, पण बारीक ठिपके फाइलीनं कचरा समजून पुसले होते. पान अगदी नितळ.

"वा," सर म्हणाले. "फवारणी न करता करपा बरा केला तू."

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कंद कुठंय?" केळीचं नवं झाड जमिनीतल्या कंदातून फुटतं; तसा सरांचा कंद म्हणजे मूळ चित्रं, एकेक सुटं, पीएनजीमध्ये ठेवलेलं. त्यात काही गळत नाही. हा प्रश्न ते ज्याला त्याला विचारत, म्हणून तर पोरांनी ते नाव पाडलं होतं. मी खाली मान घालून सांगितलं की जागा पुरेना म्हणून पुसून टाकली. सर रागावले नाहीत. रुमालानं भिंग पुसत म्हणाले, "घड बाजारात जातो, कंद वावरात राहतो. तू तर कंदासकट उपटून विकून आली."

नोंदींच्या वह्या होत्या म्हणून निभावलं. प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीननं पाच दिवस कुंथत सगळी चित्रं पुन्हा काढली. त्यांतून दाखवायला हलक्या हातानं दाबलेली एमपीफोर केली, आणि मूळ चित्रं दोन डिस्कवर ठेवली. एक माझ्याकडे, एक सरांच्या कपाटात. सावद्याच्या बैठकीत एक आबा मध्येच उठले आणि म्हणाले, "थांबवा जरा. असा ठिपका माझ्या बांधाकडच्या झाडावर हाये." सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी त्या ठिपक्यावर फिल्म थांबवली.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांचं भाषण मोबाइलवर टिपायचं काम माझ्याकडे होतं. ते केळीवरच बोलले. शेवटी खिशातून भिंग काढून त्यांनी आम्हाला ओळीनं न्याहाळलं. "बरे दिसू राह्यले सगळे," म्हणाले आणि खाली बसले. मी ते लगेच आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी मोबाइल भरला म्हणून माझ्याकडचं पुसलं. ग्रुपवर आहेच की, असा विचार केला.

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. परवा काकूंचा, सरांच्या बायकोचा, फोन आला. त्यांना ते भाषण नातवंडांना मोठ्या पडद्यावर दाखवायचं आहे. "ग्रुपवरचं पुसट दिसतं गं. मूळचं तुझ्याकडे असेल ना?"

मी ग्रुपवरची फाइल कॉम्प्युटरवर उघडून थांबवली आणि वाकून पाहिली. आवाज आहे. चेहऱ्याचे चौकोन झालेत. हनुवटीवर दोन दिवसांची पांढरी खुंटं असायची, ती सगळी पुसली गेलीत. भिंगामागच्या डोळ्याच्या जागी राखाडी डाग आहे.

करप्याचा एकेक ठिपका दोन ठिकाणी जपलेला आहे. सरांचा चेहरा एकाही ठिकाणी नाही, आणि तो मी घालवला. काकूंना मी "बघते" एवढंच म्हणाले आहे.