वय कमी करण्याचा अर्ज

"बाय, माजा वय कमी करून दे," गणपत आजोबा माझ्या टेबलासमोर बसत म्हणाले.

वय कमी करून मागणारे आम्हाला नवे नाहीत. नोकरी दोन वर्षं लांबावी म्हणून लोक काय काय कागद आणतात. पण या आजोबांचं वय कागदावर एकशेअठरा होतं. कागद आमच्याच, तहसीलच्या रेकॉर्ड रूमचा आणि खाली सही माझी. सकाळी रोह्याच्या घरून निघताना मूड छान होता, तो तिथेच गेला.

आजोबा हमरापूरचे. गणपतीच्या मूर्तींचे डोळे रंगवायचे. याला आखणी म्हणतात, आणि ती अख्ख्या कारखान्यात एखाद्यालाच जमते. पण दाखला घरी गेला आणि सुनेनं त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला. ती सोबतच आली होती.

"एकशेअठरा वर्षांचे माणसाला कामाला बसवला, तं लोक माजे तोंडात शेण घालतील," ती म्हणाली. "सरकारी कागद हाय. खोटा कसा आसल?"

"आन मी दिसभर काय करू? भिंतीकडं बघू?" आजोबांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं.

मी साहेबांकडे गेले आणि दाखला पुन्हा तपासू का, असं विचारलं.

"अहो, रविवारी त्यांचा सत्कार आहे. बॅनर लागलेत."

"सर, ते दिसतात फार तर पंचाहत्तरीचे."

"त्याचंच तर कौतुक आहे. सही तुमचीच ना? मग आता काय शोधणार?"

"माझी चूक."

मागच्या वर्षी आजोबांच्या वयाच्या दाखल्यासाठी त्यांच्या नातवानं अर्ज केला होता. मी कोतवाल बुक उघडलं. पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू कळवायचा, त्याचं हे रजिस्टर. 'गणपत राम', गाव, आडनाव, सगळं जुळलं. मी नक्कल दिली आणि जेवायला गेले.

आता बाहेर येऊन मी आजोबांना विचारलं, "तुमच्या आजोबांचं नाव काय?"

"गणपतच. आमच्यात आज्याचा नाव नातवाला ठेवतात. माजा बापूस राम, आन आज्याचा बापूसबी रामच."

म्हणजे आजा आणि नातू, दोघंही 'गणपत राम'. मी मृत्यूच्या नोंदी काढल्या. धुळीनं शिंकून शिंकून बेजार झाले, पण तासाभरात पहिला गणपत राम सापडला. तापानं वारला होता. पुढच्याच वर्षी त्याच्या मुलाला, रामला, मुलगा झाल्याची नोंद होती. तो मुलगा म्हणजे समोर बसलेले आजोबा. वय शहात्तर.

सून म्हणाली, "आन वर्षभर मी यांना पेज भरवतंय."

दाखला दुरुस्त झाला. सत्कार रद्द झाला आणि साहेबांनी मला मेमो दिला, तो मी मुकाट्यानं घेतला. रविवारी माफी मागायला हमरापूरला गेले. आजोबा मूर्तीसमोर बसले होते, ब्रश डोळ्याच्या कडेवर होता.

"बस, बाय," ते मान न वळवता म्हणाले. "आता हात थांबवता येत नाय."

मी अर्धा तास बसले. इतका आनंद मला कुठल्या सहीनं दिला नव्हता.

तेव्हापासून शंभरीपुढच्या कुणाचा अर्ज आला, की मी आधी त्याच्या मृत्यूची नोंद शोधते.